सेमिनरीचा विद्यार्थी मंडळीत उपदेश करायला कसा शिकतो: एका पाळकांच्या प्रश्नाला उत्तर

आपला प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे हे उत्तर वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. आपण बडोद्यातील एका मंडळीचे, म्हणजे ख्रिस्ती उपासकांच्या समुदायाचे, पाळक आहात. सेमिनरीने, म्हणजे पाळक तयार करणाऱ्या विद्यालयाने, यंदा एक विद्यार्थी वर्षभराच्या सेवाप्रशिक्षणासाठी आपल्या देखरेखीखाली पाठवला आहे. उपदेशशास्त्रात त्याला चांगले गुण आहेत, वर्गात त्याने केलेल्या उपदेशांचे प्राध्यापकांनी कौतुक केले आहे, आणि तरीही आपल्या मंडळीतील त्याच्या दोन उपदेशांनंतर वडीलजनांनी (मंडळीच्या कारभारातील ज्येष्ठांनी) आपल्याला सांगितले की मुलगा बोलतो छान, पण घरी गेल्यावर काय सांगितले ते आठवत नाही. त्याला वर्षभरात किती वेळा उपदेशाला उभे करावे, त्याचे मन न मोडता चुका कशा दाखवाव्यात आणि शेवटी सेमिनरीला काय कळवावे, असे आपण विचारले आहे. मी इंदूरमध्ये पाळक आहे आणि बरीच वर्षे असे विद्यार्थी आमच्या मंडळीत राहून शिकून गेले आहेत, त्यामुळे पुढे जे लिहितो आहे ते मुख्यतः या कामातल्या अनुभवावर आधारलेले आहे.

माझ्या मते आपली अडचण उपदेशांच्या संख्येची नाही. आपण जे लिहिले आहे त्यावरून एवढेच दिसते की आपला विद्यार्थी ज्या लोकांसमोर उभा राहतो त्यांच्यापैकी कोणालाही तो अजून ओळखत नाही. वर्गात त्याच्यासमोर बसलेले श्रोते त्याच्याच वयाचे, तीच पुस्तके वाचलेले आणि त्याच परीक्षेला बसणारे होते. तिथे उत्तम ठरलेला उपदेश निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यासाठी, रात्रपाळी संपवून थेट उपासनेला आलेल्या परिचारिकेसाठी किंवा बारावीत नापास झालेल्या मुलासाठी तयार केलेलाच नव्हता, मग तो त्यांच्या लक्षात कसा राहावा? म्हणून देखरेख करणाऱ्या पाळकाचे पहिले काम, माझ्या दृष्टीने, विद्यार्थ्याचे सोमवार ते शनिवार हे दिवस अशा रीतीने बांधून देणे हे आहे की रविवारी उभा राहताना त्याच्याजवळ शास्त्रभागही (बायबलमधील उताराही) असेल आणि माणसेही असतील. त्याच्या बोलण्याची सुधारणा त्यानंतर, आणि बरीचशी आपोआप होते.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथे बसून ठरवता येणार नाहीत. विद्यार्थी आपल्याच आवारात राहतो की केवळ शनिवार-रविवारी येतो, यावर बरेच काही ठरते, कारण दोन दिवसांसाठी येणाऱ्याला घरभेटींना वेळच उरत नाही. पाळकपदाची दीक्षा न झालेल्या उमेदवाराने उपासनेत काय करावे आणि काय करू नये याचे नियम संप्रदायागणिक वेगळे असतात, तेव्हा मेथॉडिस्ट मंडळीत आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळीत आपापल्या वरिष्ठांना विचारूनच चालावे लागेल. भाषेचा प्रश्नही आहे. आमच्याकडे मुख्य उपासना हिंदीत होते; मराठी घराणी विदर्भातून, खानदेशातून रेल्वेच्या, महूच्या छावणीच्या किंवा इस्पितळांच्या नोकऱ्यांच्या निमित्ताने इकडे आली, आणि आज आजी मराठीत प्रार्थना करते तर नातू हिंदीत आमेन म्हणतो. आपल्याकडे हिंदीच्या जागी गुजराती असेल. पुण्या-नगरकडून आलेल्या विद्यार्थ्याला गुजराती येत नसेल तर मराठी घरांतील प्रार्थनासभा हीच त्याची पहिली शाळा समजावी आणि मोठ्या उपासनेतील उपदेशाची घाई करू नये.

आमच्याकडे विद्यार्थ्याची सुरुवात शास्त्रवाचनाने होते. पहिले काही रविवार तो उपदेश करत नाही. तो फक्त त्या दिवसाचा शास्त्रपाठ वाचतो, पण त्याची तयारी उपदेशाइतक्याच गंभीरपणे करतो. बायबलमधील नहेम्याच्या पुस्तकाच्या ८ व्या अध्यायात एज्रा लाकडी मंचावर उभा राहून नियमशास्त्र वाचतो आणि लेवी, म्हणजे मंदिरसेवक, जमलेल्या लोकांना त्याचा अर्थ समजावून देतात. वाचन आधी आणि उलगडा नंतर, हा क्रम तिथे स्पष्ट आहे. मार्कच्या शुभवर्तमानाच्या ४ थ्या अध्यायातील वादळाचा प्रसंग मी नेहमी देतो. वारा आणि समुद्र शांत झाल्यावर येशू शिष्यांना विचारतो की तुम्ही असे भित्रे का, तुम्हाला अजून विश्वास कसा नाही. हा प्रश्न रागावून विचारला आहे, खेदाने विचारला आहे की प्रेमाने, हे वाचणाऱ्याला ठरवावेच लागते, कारण आवाज कोणत्या तरी एकाच सुरात निघतो. ते ठरवण्यासाठी त्याला आधीच्या ओळींकडे परत जावे लागते, शिष्यांनी त्याला उठवताना काय म्हटले ते पाहावे लागते, आणि मग शिष्यांच्या शेवटच्या प्रश्नात भीती नाहीशी झालेली नाही, उलट ती वेगळ्या दिशेला वळली आहे, हे त्याच्या लक्षात येते. रिकाम्या चर्चमध्ये उभे राहून हा उतारा पुन्हा पुन्हा मोठ्याने वाचणारा विद्यार्थी टीकाग्रंथ, म्हणजे बायबलवरील भाष्ये, उघडण्याआधीच अर्ध्या वाटेवर आलेला असतो.

याच आठवड्यांत घरभेटी सुरू होतात, आणि माझ्या अनुभवात या वर्षाचा सर्वांत मोलाचा भाग हाच आहे. सुरुवातीला विद्यार्थी माझ्याबरोबर येतो, काही बोलत नाही, फक्त बसतो आणि ऐकतो. नंतर तो एकटा जातो आणि प्रत्येक आठवड्यातील एका भेटीची शब्दशः नोंद लिहून आणतो: त्याने काय विचारले, समोरच्याने काय उत्तर दिले, कुठे शांतता पसरली, त्याने घाईघाईने प्रार्थना कुठे सुरू केली. ही पद्धत माझी नाही. १९२५ साली अमेरिकेत अँटन बॉयसेन या पाळकांनी ईश्वरविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना वूस्टर येथील मनोरुग्णालयात नेऊन रुग्णांची सेवा करता करता शिकवायला सुरुवात केली; जिवंत माणसेही ग्रंथांइतक्याच काळजीने वाचावी लागतात, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे याच चळवळीत संभाषण शब्दशः लिहून काढण्याची पद्धत रूढ झाली आणि आज बऱ्याच सेमिनऱ्यांच्या सेवाप्रशिक्षणात ती वापरली जाते. नोंद लिहिताना घरातील माणसांची नावे लिहू नयेत आणि ती नोंद चर्चा झाल्यावर फाडून टाकावी, हा नियम मी पहिल्याच दिवशी घालून देतो. ज्या मंडळीत घरातील गोष्ट बाहेर गेली, तिथे पुढच्या विद्यार्थ्यापुढे कोणी मन मोकळे करत नाही.

घरभेटींचा उपदेशाशी नेमका काय संबंध, हे एका उदाहरणाने सांगतो. एका हुशार विद्यार्थ्याने लूक १५ मधील उधळ्या पुत्राच्या दृष्टांतावर उपदेश केला. रचना चांगली होती, आवाज चांगला होता. मध्यावर तो म्हणाला की बाप रोज वेशीवर उभा राहून मुलाची वाट पाहत होता, आणि लगेच मंडळीकडे वळून त्याने विचारले, "तुम्ही आपल्या हरवलेल्या मुलांसाठी असे रोज वाटेकडे डोळे लावून बसता का?" त्या दिवशी बाकांवर एक असे जोडपे बसले होते ज्यांचा थोरला मुलगा कित्येक वर्षांपूर्वी भांडून घरातून गेला होता आणि ज्याचा ठावठिकाणा त्यांना माहीत नव्हता. त्या आईने मान खाली घातली ती उपासना संपेपर्यंत वर केली नाही. मंगळवारी बसलो तेव्हा मी त्याला त्या जोडप्याबद्दल आधी काही सांगितले नाही. मी त्याला लूक १५:२० मोठ्याने वाचायला सांगितले आणि बाप रोज वाट पाहत होता हे कुठे लिहिले आहे ते दाखवायला सांगितले. तसे तिथे लिहिलेले नाही. मुलगा अजून दूर असतानाच बापाने त्याला पाहिले, त्याला कळवळा आला आणि तो धावत गेला, एवढेच शास्त्र सांगते. रोजचे वाट पाहणे आपण ऐकून ऐकून त्यात घातलेले आहे. त्यानंतर मी त्याला त्या घराविषयी सांगितले आणि बुधवारी आम्ही दोघे तिथे गेलो. तो फारसे बोलला नाही; त्या बाईंनी मुलाची दहावीची गुणपत्रिका काढून दाखवली आणि तो ती बराच वेळ हातात धरून बसला.

एकाच वाक्यात दोन्ही दोष एकत्र आले होते, हे मला यातून दाखवायचे आहे. शास्त्रात नसलेली गोष्ट त्याने शास्त्राच्या नावावर सांगितली, आणि ती सांगितल्यामुळेच एका दुःखी घरावर न पेलणारे ओझे टाकले. जे लिहिले आहे तेवढेच त्याने सांगितले असते, म्हणजे धावत जाणारा बाप आणि पुढे २८ व्या वचनात रुसलेल्या थोरल्या मुलाची समजूत घालायला स्वतः घराबाहेर येणारा बाप, तर त्या आईला धीर देणारे काहीतरी मिळाले असते. शास्त्र नीट वाचणे आणि माणसे ओळखणे ही दोन वेगळी कौशल्ये म्हणून शिकवली जातात, पण उपदेशात ती एकमेकांना सावरून धरतात.

शास्त्रभागाच्या अभ्यासासाठी मी विद्यार्थ्याला एकट्याला सोडत नाही. रविवारच्या उपदेशाचा भाग आदल्या आठवड्यातच ठरलेला असतो आणि गुरुवारी आम्ही तीन-चार जण एकत्र बसून तो वाचतो: मी, विद्यार्थी, एक निवृत्त शिक्षक आणि ज्यांना वेळ असेल असे एखादे वडीलजन. १५२५ साली झुरिकमध्ये धर्मसुधारक झ्विंग्ली यांनी पाळक आणि विद्यार्थी यांच्यासाठी अशीच बैठक सुरू केली होती. तिथे उतारा हिब्रू, ग्रीक आणि लॅटिनमध्ये वाचून तपासला जाई आणि मग त्याचा अर्थ जमलेल्या सामान्य लोकांना त्यांच्या जर्मन भाषेत सांगितला जाई. आमच्या बैठकीत हिब्रू आणि ग्रीक केवळ विद्यार्थ्याला थोडेफार येते, आणि ते त्याने आम्हाला समजावून सांगावे अशी अपेक्षा असते. त्यामुळे सेमिनरीत मिळवलेले ज्ञान इथे उपयोगी पडते, असा विश्वास त्याच्या मनात बसतो. एक अट आहे: टीकाग्रंथ किंवा मोबाइलवरचे उपदेश उघडण्याआधी त्याने स्वतःच्या हाताने एक पान लिहून आणायचे, ज्यात उताऱ्यात कोण काय करतो, काय खटकते आणि काय समजत नाही, एवढेच असेल. आजचे विद्यार्थी यूट्यूबवरील प्रसिद्ध उपदेशकांचे उपदेश इतके ऐकतात की त्यांचे चढउतार, त्यांचे थांबणे, "हालेलुया म्हणा" असे मध्येच म्हणवून घेणे, सगळे नकळत उचलतात. ते वाईट आहे असे मी म्हणत नाही, पण त्या एका पानामुळे विद्यार्थ्याचे स्वतःचे काहीतरी त्या उपदेशात आधी रुजलेले असते.

प्रत्यक्ष बोलण्याच्या पायऱ्यांबद्दल आपण नेमकेपणाने विचारले आहे. घरातील प्रार्थनेत पाच मिनिटे वचन सांगणे ही पहिली पायरी, संडे स्कूलमध्ये गोष्ट सांगणे ही दुसरी, आठवड्याच्या प्रार्थनासभेत दहा मिनिटे बोलणे ही तिसरी, आणि रविवारचा उपदेश त्यानंतर. कीर्तनकाराच्या मागे टाळ धरून उभा राहणारा मुलगा पुढे उभा राहण्याआधी कितीतरी कीर्तने अंगात मुरवून घेतो. मराठी ख्रिस्ती मंडळीला ही रीत परकी वाटण्याचे कारण नाही, कारण ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी (१८६१–१९१९) भजन आणि कीर्तन या दोन्हींना आपल्या उपासनेत आणून बसवले आहे. संडे स्कूलची पायरी गाळू नका. विद्यार्थ्याने मुलांना गोष्ट सांगायची पण तात्पर्य सांगायचे नाही, आणि पुढच्या रविवारी मुलांकडून ती गोष्ट वदवून घ्यायची. मुले काय सांगतात आणि काय गाळतात, हे ऐकताना त्याला आपल्या सांगण्यातील पोकळ जागा इतक्या स्पष्ट दिसतात की मला वेगळे काही सांगावे लागत नाही.

उत्तम शुक्रवारची (गुड फ्रायडेची) उपासना ही आणखी एक चांगली संधी आहे. बाराच्या ठोक्याला सुरू होऊन तीनपर्यंत चालणाऱ्या या उपासनेत येशूच्या वधस्तंभावरील सात उद्गारांवर सात जण बोलतात, त्यातला एक उद्गार विद्यार्थ्याला द्यावा, आणि शक्यतो छोटा द्यावा. "मला तहान लागली आहे" या उद्गारावर दहा मिनिटे बोलताना तारणाचा सगळा इतिहास सांगण्याचा मोह प्रत्येकाला होतो. त्या मोहाला आवर घालून केवळ तहानेपाशी थांबायला शिकलेला विद्यार्थी पुढे रविवारच्या उपदेशातही एका मुद्द्यापाशी थांबू शकतो.

आता संख्येविषयी. दहा महिन्यांच्या काळात रविवारचे आठ-दहा उपदेश पुरेसे आहेत, आणि पहिल्या दोन महिन्यांत एकही नसला तरी चालेल. मात्र प्रत्येक उपदेश दोनदा व्हावा, असा माझा आग्रह असतो. सेमिनरीत विद्यार्थी एक उपदेश तयार करतो, एकदा करतो, गुण मिळवतो आणि तो कागद फाइलमध्ये जातो. सुधारून पुन्हा उभे राहण्याची वेळ त्याच्यावर कधी येतच नाही. आमच्याकडे तो आधी शुक्रवारच्या घरसभेत किंवा शहराबाहेरच्या लहान मंडळीत बोलतो, त्यावर चर्चा होते, आणि दोन-तीन आठवड्यांनी तोच शास्त्रभाग घेऊन तो मुख्य उपासनेत उभा राहतो. खरे शिकणे या दुसऱ्या वेळेला होते. पहिल्या खेपेला त्याचे लक्ष कागदाकडे असते. दुसऱ्या खेपेला तो मान वर करून माणसांकडे पाहू लागतो.

तो बोलत असताना आपण कुठे बसता, हेही महत्त्वाचे आहे. पाळकाने वेदीजवळच्या आपल्या खुर्चीवर बसू नये. तिथून विद्यार्थ्याची पाठ दिसते आणि मंडळीला मात्र पाळकाचा चेहरा दिसत राहतो, त्यामुळे लोक उपदेश ऐकण्याऐवजी पाळकांना तो आवडला की नाही हे पाहत राहतात. मी मधल्या बाकांवर, कडेला बसतो आणि निम्मा वेळ विद्यार्थ्याकडे न पाहता लोकांकडे पाहतो. वहीत केवळ वेळ आणि खूण लिहितो: अमुक मिनिटाला पोरे चुळबुळ करू लागली, अमुक मिनिटाला एका म्हाताऱ्या गृहस्थांनी चष्मा काढून बाजूला ठेवला, अमुक वाक्यानंतर सगळे स्तब्ध झाले. प्रेषितांची कृत्ये २० मध्ये पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला आणि खिडकीत बसलेल्या युतुखाला झोप लागून तो खाली पडला. हा प्रसंग लूकने लिहून ठेवला आहे, म्हणजे श्रोत्यांचे काय होते याकडे लक्ष देणे आपल्या परंपरेला नवीन नाही.

चुका कशा दाखवाव्यात, या आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. रविवारी दारात हस्तांदोलन करताना काहीही सांगू नये. चांगले झाले असेही घाईने म्हणू नये, कारण मग मंगळवारी काही दोष दाखवला की त्याला रविवारचे शब्द खोटे वाटतात. मार्क ६ मध्ये येशू बारा जणांना दोघा-दोघांच्या जोड्यांनी पाठवतो, परत आल्यावर ते आपण काय केले आणि काय शिकवले ते सगळे त्याला सांगतात आणि तो त्यांना एकांतात विसावा घ्यायला बोलावतो. पाठवणे, ऐकून घेणे आणि विसावा, हे तिन्ही देखरेखीचे भाग आहेत, आणि त्यात आधी बोलतो तो जाऊन आलेला माणूस. म्हणून मंगळवारच्या बैठकीत पहिले बोलणे विद्यार्थ्याचे असते: मला या उपदेशात कोणती एक गोष्ट सांगायची होती, हे तो एका वाक्यात सांगतो. नंतर श्रोत्यांनी काय ऐकले ते सांगायचे.

हे श्रोते म्हणजे मंडळीतून निवडलेली चार-पाच माणसे. त्यांत एखादी वयस्क आजी असावी, कामावर जाणारी एखादी स्त्री असावी, कॉलेजचा मुलगा असावा आणि ज्याचे शिक्षण फार झालेले नाही पण जो नेमाने उपासनेला येतो असा एक जण अवश्य असावा. त्यांना मी तीनच प्रश्न विचारतो: शास्त्रभाग काय सांगतो असे तुम्हाला या उपदेशातून कळले, तुमचे मन कोणत्या जागी सुटले, म्हणजे लक्ष कुठे भरकटले, आणि कोणती गोष्ट तुम्हाला विचारावीशी वाटते. आवाज, हातवारे, कपडे, मराठी किंवा हिंदी उच्चार यांवर बोलण्याची त्यांना मुभा नसते. विद्यार्थ्याचे एक वाक्य आणि श्रोत्यांनी ऐकलेले वाक्य शेजारी शेजारी कागदावर लिहिले की त्यांच्यातील अंतर सगळ्यांना दिसते, आणि कोणी कोणाला दोष देण्याची गरजच पडत नाही. आपल्या वडीलजनांनी आठवत नाही असे जे सांगितले, ते खरे तर अतिशय उपयुक्त निरीक्षण आहे; ते फक्त योग्य ठिकाणी, विद्यार्थ्याच्या समोर आणि आपुलकीने सांगितले जायला हवे.

श्रोते गेल्यावर मी विद्यार्थ्याशी एकट्याशी बोलतो आणि एका उपदेशामागे एकच सुधारणा सांगतो. दहा दिसत असल्या तरी एकच, आणि ती अशी की पुढच्या वेळी पडताळून पाहता येईल. "अधिक प्रभावी बोला" ही सुधारणा नव्हे. "पुढच्या उपदेशात एकच उदाहरण घ्या आणि ते याच शहरातले असू द्या" ही सुधारणा आहे. अपुल्लोस वक्ता होता, शास्त्रात पारंगत होता, पण त्याला प्रभूच्या मार्गाची माहिती अपुरी होती. तेव्हा प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला यांनी त्याला चारचौघांत टोकले नाही, आपल्याकडे नेऊन अधिक नीटपणे समजावले, असे प्रेषितांची कृत्ये १८ मध्ये आहे. ते दोघे तंबू बनवणारे होते. मंडळीतील साधी माणसे शिकलेल्या उपदेशकाला शिकवू शकतात यावर माझा पूर्ण विश्वास आहे, आणि विद्यार्थ्याचाही तो बसावा असे मला मनापासून वाटते.

सादरीकरणाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्याची काळजी वाटते तितकी करावी लागत नाही. उपदेश मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावा आणि विद्यार्थ्याने तो आधी एकट्याने ऐकावा. त्यातील कोणतीही पाच मिनिटे त्याने जशीच्या तशी लिहून काढावी. अर्धवट सोडलेली वाक्ये आणि सवयीचे शब्द कागदावर दिसले की बरेचसे आपोआप सुटतात. वीस मिनिटांपेक्षा लांब उपदेश पहिल्या वर्षी नको.

विद्यार्थिनी आली तर एक काळजी अधिक घ्यावी. अनेक मंडळ्या तिला महिला संघ आणि संडे स्कूल एवढेच देतात आणि वर्ष संपते. मुलाला जितके रविवार दिले जातात तितकेच तिलाही द्यावेत, आणि हे वेळापत्रक वर्षाच्या सुरुवातीलाच पास्टोरेट कमिटीपुढे (मंडळीच्या कार्यकारी समितीपुढे) ठेवून मंजूर करून घ्यावे, म्हणजे दर वेळी नव्याने वाद होत नाही. श्रोत्यांच्या बैठकीत तिच्या साडीवर किंवा बारीक आवाजावर बोलणे निघाले तर पाळकाने ते तिथल्या तिथे थांबवावे.

आणखी एक गोष्ट आपण विचारलेली नाही, तरी सांगावीशी वाटते. विद्यार्थी आहे म्हणून पाळक रजेवर जातो आणि उपदेश त्याच्यावर सोपवून देतो, असे आपल्याकडे सर्रास होते. पाळक हजर नसताना केलेला उपदेश ही मंडळीला झालेली मदत आहे, पण ते प्रशिक्षण नव्हे. तसेच पाळकाने आपला स्वतःचा उपदेशही त्याच मंगळवारच्या बैठकीत, त्याच तीन प्रश्नांसाठी ठेवावा. विद्यार्थ्याने माझ्या उपदेशाबद्दल "अमुक जागी माझे मन सुटले" असे निःसंकोच म्हटले की मला कळते, आता तो स्वतःविषयीही खरे ऐकून घेऊ शकेल.

सेमिनरीला पाठवायच्या अहवालात गुणांचे रकाने असतील तर ते भरावेत, पण त्याबरोबर एकाच उपदेशाच्या दोन्ही आवृत्त्या जोडाव्यात, म्हणजे पहिली आणि सुधारलेली, आणि श्रोत्यांनी काय ऐकले ते चार-पाच वाक्यांत लिहावे. कोणत्या प्रकारच्या शास्त्रभागात तो अडखळतो, आजाऱ्याच्या खाटेजवळ तो कसा वागतो, सूचना मिळाल्यावर पुढच्या वेळी त्यात बदल दिसतो का, हे उपदेशशास्त्राच्या प्राध्यापकांना वर्गात बसून कधीच कळत नाही. अहवाल पाठवण्याआधी तो विद्यार्थ्याला वाचायला द्यावा. जे त्याच्यासमोर वाचता येणार नाही ते लिहू नये, आणि जे लिहिणे भाग आहे ते त्याला आधी सांगितलेले असावे.

आपला विद्यार्थी दोनदा उपदेश करून बसला आहे, तेव्हा आता त्याला अचानक केवळ शास्त्रवाचनावर आणले तर आपल्याला खाली उतरवले असे त्याला वाटेल. तसे होऊ देऊ नका. त्या दोन उपदेशांपैकी त्याला जो अधिक आवडतो तो त्याने निवडावा, या आठवड्यात आपण त्याला तीन घरी घेऊन जावे, आणि महिन्याभराने तोच शास्त्रभाग त्याने त्यांपैकी एका घरच्या प्रार्थनासभेत पुन्हा सांगावा. त्या सभेला आपल्या वडीलजनांपैकी ज्यांनी ती तक्रार केली त्यांना आवर्जून बोलवा आणि दुसऱ्या दिवशी त्यांना एवढेच विचारा की काल काय ऐकले.